टायर कधी बनला, ते कसं वाचायचं

गाडी कमी धावली की नक्षी छान दिसते, त्यामुळे टायर चांगला आहे असं वाटतं. पण रबर उभ्या गाडीतही जुनं होतं. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन त्याला कडक करतात, मग बाजूला बारीक भेगा दिसू लागतात.

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवर, 'डीओटी' (DOT) अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे तारीख: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '३२२३' म्हणजे २०२३ चा ३२वा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. तो काढूनच टाका. चार आकडे सापडले नाहीत तर आतली बाजू बघा, कारण पूर्ण कोड बहुतेकदा एकाच बाजूला असतो. चाक पूर्ण वळवून मोबाइलचा टॉर्च मारला की पुढच्या टायरची आतली बाजू दिसते.

पाच वर्षांनंतर दरवर्षी टायरवाल्याकडून तपासून घ्या. दहा वर्षांचा टायर, नक्षी कितीही असो, बदलायचाच. नवीन घेताना रिमवर चढवण्याआधी चारही तारखा वाचा. सहा-आठ महिन्यांचा माल चालतो. दोन वर्षं पडून असलेला मात्र घसघशीत सूट असल्याशिवाय घेऊ नका.

आता मापाबद्दल. '१८५/६५ आर १५ ८८ एच' यात रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, 'आर' म्हणजे रेडियल आणि रिम १५ इंची. ८८ हा भार निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. 'एच' म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत. भार निर्देशांक कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी घेऊ नका.

खाचांत मध्येच आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिमी उरली, टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर एवढी वाट बघू नये. मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना म्हणजे कमी, एकाच कडेला म्हणजे बहुधा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलेलं.

हवा टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा. साइडवॉलवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो. पंपावर तो बघून हवा भरली की गाडी उसळते आणि ब्रेकिंगही बिघडतं.

स्टेपनीची तारीखही बघा. गाडीतला सगळ्यात जुना टायर बहुधा तोच निघतो.