वारीची पिशवी भरताना या चुका टाळा: खास सोलापूरकरांसाठी

सोलापूरचा माणूस वारीला निघाला की सामानात सगळ्यात आधी चादर पडते. साहजिकच आहे, गावाची ओळखच ती. दोन्ही बाजूंनी नक्षी, वर्षानुवर्षं धुतली तरी विरत नाही. पण आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर पायी जायचं असेल, तर ती चादर घरच्या पलंगावरच राहू द्या. तिच्याशेजारी तो जाड टर्किश टॉवेलही ठेवा. या दोन वस्तूंनी जेवढे खांदे दुखवले असतील, तेवढे बाकी सगळ्या सामानाने मिळून दुखवले नसतील.

पिशवी आपण घरी मोजतो तेव्हा ती कोरडी असते. आषाढात रस्त्यावर ती कोरडी राहत नाही. टॉवेलच्या विणीतले ते उभे फासे पाणी पिण्यासाठीच असतात, आणि त्यासाठीच आपला टॉवेल नावाजलेला आहे. पण पिलेलं पाणी तो लवकर सोडत नाही. विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. टॉवेल बादलीत बुडवा, हाताने जमेल तेवढा पिळा आणि पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. मग तोच प्रयोग पातळ सुती पंच्यावर करा. आकडे बघितले की पुढे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पंचा दोन हातांत ताणून झटकला आणि पिशवीच्या पाठीवर सेफ्टी पिनांनी टाचला, की ऊन असेल तर दुपारच्या विसाव्यापर्यंत वाळतो. टॉवेल रात्री राहुटीच्या दोरीवर टाकला, तर पहाटे तसाच गार आणि जड हाती येतो. दोन दिवसांत त्याला कुबट वास सुटतो आणि तो वास सगळ्या पिशवीला लागतो.

चादरीचंही तेच. शिवाय लोक एक गोष्ट विसरतात. राहुटीत गारवा वरून कमी आणि खालून जास्त येतो, जमीन ओली असते. वर कितीही जाड पांघरलं तरी खाली काही नसेल तर पाठ आखडणारच. तेव्हा अंगाखाली मेणकापडाचा किंवा जाड प्लॅस्टिकचा माणसाच्या लांबीचा तुकडा घ्या आणि वर एक पातळ शाल. दोन्हींची मिळून वळकटी एका सोलापुरी चादरीपेक्षा हलकी भरते.

आपला अंदाज चुकतो त्याला आपला जिल्हाही कारण आहे. सोलापूर पडलं पर्जन्यछायेत. आपला खरा पाऊस सप्टेंबरात, जून-जुलैत नुसते ढग येऊन जातात. त्यामुळे सामान बांधताना डोक्यात ऊन असतं. पण वारी सुरू होते आळंदीला, आणि पुणे, दिवे घाट, सासवड, जेजुरी हा टप्पा चांगलाच भिजवून काढू शकतो. फलटण मागे पडलं, बरड-नातेपुते आलं, की ओळखीची हवा लागते. म्हणजे पहिला आठवडा पावसाची तयारी हवी आणि पुढे उन्हाची. यावर लोकांचा उपाय काय, तर दोन्हींचे वेगवेगळे कपडे घ्यायचे! त्यापेक्षा दोन्हींत चालतील आणि लवकर वाळतील असे कपडे निवडा. पुरुषांना अंगावरचा एक आणि पिशवीतले दोन जोड भरपूर झाले.

बायकांच्या बाबतीत हा विषय नाजूक आहे. सून म्हणते, "आत्या, दोन लुगडी बास की." सासूचा प्रश्न तयार असतो, "आन् एक वाळत असताना दुसरं भिजलं तर काय नेसू गं?" प्रश्न बरोबर आहे. पण तिसरं लुगडं घेऊन तो सुटत नाही, कारण तिसरंही इरकलच असेल तर तीनही ओलीच राहतात. नऊवारी सुती इरकल भिजलं की दोघींना धरून पिळावं लागतं. त्याऐवजी एक सुती आणि दोन पातळ सिंथेटिक पातळं घेतली तर अडत नाही. दिसायला तेवढी देखणी नसतील, पण पिळून झटकली की तासा-दोन तासांत नेसता येतात.

रेनकोटवर मी फार वेळ घालवणार नाही. पँट-कोटाचा जाड रेनकोट चालणाऱ्या माणसाला आतून घामाने भिजवतो. छत्री गर्दीत शेजाऱ्याच्या डोळ्याशी येते. पालखीच्या वाटेवर प्लॅस्टिकचा कागद मिळतो, तो डोक्यावरून घ्यायचा. शेतात खताच्या पोत्याची खोळ करतात तसाच. रात्री तोच अंगाखाली येतो. आणि पिशवीला बाहेरून कव्हर घालण्यापेक्षा आतून जाड पॉलिथिनची मोठी पिशवी लावा. कव्हर असलं तरी पाठीकडून आणि पट्ट्यांच्या शिवणीतून पाणी आत शिरतंच.

ट्रकच्या भरवशावर राहणं

दिंडीची भिशी भरली की जेवण, राहुटी आणि सामानाच्या ट्रकची सोय होते. इथे मन सैल सुटतं. ट्रक वाहणार म्हटल्यावर काय, टाका! घरचे पिशवीभोवती जमतात, जो तो एकेक वस्तू आणून देतो आणि प्रत्येक वस्तूबरोबर एकच वाक्य येतं, "असू दे की, लागंल." स्टीलचा डबा, जाड उशी, पितळी तांब्या, चिवड्याची पाच किलोची पिशवी. मी तर पत्र्याची पेटी घेऊन निघालेले लोकही पाहिले आहेत.

आता मुक्कामावर काय होतं बघा. ट्रक तळाच्या कडेला चिखलात उभा असतो, आत शे-दीडशे पिशव्यांची रास, त्यातल्या निम्म्या काळ्या किंवा निळ्या. अंधार पडत आलेला. ट्रकवर चढलेला पोरगा एकेक पिशवी खाली फेकतो आणि तुम्ही ती झेलायची. मग ती उचलून आपल्या राहुटीपर्यंत न्यायची, आणि पहाटे काकड्याच्या आधी परत आणून द्यायची. ट्रक वाहतो तो मुक्कामापासून मुक्कामापर्यंत, त्याच्या दोन्ही टोकांना हमाल तुम्हीच. ट्रकमधली पिशवी सहा-सात किलोंच्या आत ठेवा, म्हणजे एका हाताने उचलता येईल. तिला बाहेरून लाल किंवा पिवळ्या जुन्या साडीची पट्टी घट्ट बांधा. नाव लिहिलेलं अंधारात वाचता येत नाही, पट्टी लांबून ओळखू येते.

याहून मोठी चूक म्हणजे रोजची औषधं ट्रकमध्ये टाकणं. ट्रक वेगळ्या रस्त्याने जातो, वाहतूक अडली तर रात्री उशिरा पोहोचतो. बीपीची, साखरेची, दम्याची औषधं खांद्यावरच्या पडशीतच हवीत. मूळ पाकिटातल्या पट्ट्याच न्या, सुट्या गोळ्या डबीत भरू नका. दमट हवेत त्या विरघळतात, आणि डॉक्टरला दाखवायची वेळ आली तर कोणती कशाची हेही सांगता येत नाही. परतीचे दिवस धरून तीन-चार दिवसांच्या जास्तीच्या ठेवा. वजन वाढलं तरी चालेल अशी ही एकच गोष्ट. माळकऱ्यांसाठी दुसरी म्हणजे टाळ. काशाचे टाळ हलके नसतात, पण ते ठेवून ये असं सांगायची माझी छाती नाही.

पडशीत याशिवाय पाणी, प्लॅस्टिकचा कागद, पंचा, थोडे पैसे, ओआरएसची पाकिटं आणि फोन. पाण्यासकट दोन-अडीच किलो भरायला हवी. दिंडीशिवाय मोकळं चालणाऱ्यांनी सगळं पाठीवर घ्यायचं असल्याने आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. साठ किलोच्या माणसाने पाण्यासकट सहा किलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे विसरून लोक दोन-दोन बाटल्या लटकवतात. पालखीच्या वाटेवर टँकर आणि पाणपोया पावलोपावली असतात, एक बाटली भरत राहिली की पुरते.

खाण्याचंही तसंच. वारीत उपाशी राहायचं म्हटलं तरी कुणी राहू देत नाही. चहा, केळी, भजी, पोहे समोर येतच राहतात. चिवडा नि लाडू ओल्या हवेत चौथ्या दिवशी मऊ पडतात आणि ओझं म्हणून वाटून टाकावे लागतात. सोबत काही हवंच असेल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी कोरडी ठेवली तर टिकते, वजनाला काहीच नाही आणि दिंडीतल्या परगावच्या लोकांत आपली वट वाढवते. चटणी काचेच्या बरणीत नको, जाड पिशवीच्या दोन घड्यांत बांधा.

चालताना त्रास सुरू झाला तर

बोटांना मुंग्या येत असतील, खांदा बधिर होत असेल, तर एका पट्ट्याची शबनम काढून टाका. दोन पट्ट्यांची पिशवी घ्या, पट्टे आवळून ती पाठीला चिकटवा, जड वस्तू पाठीच्या बाजूला ठेवा. पट्टे सैल सोडून पिशवी कमरेखाली लोंबवली की दोन किलोही पाच वाटतात.

मांड्या काचायला लागल्या तर लोक पावडर लावतात. ओल्या कातडीवर पावडरीचा चिखल होतो आणि तो आणखी घासतो. आधी जागा कोरडी करा, मग व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा. धोतराच्या आत मांडीपर्यंतची घट्ट चड्डी घातली तर बहुधा ही वेळच येत नाही.

पायाला फोड येतात ते बहुतेक नव्या बुटांमुळे. वारीसाठी म्हणून आदल्या आठवड्यात बूट घेणारे दरवर्षी दिसतात आणि दिवे घाटात तेच बूट हातात घेऊन चालतात. पायात मुरलेलं जुनं पायताण घ्या, थोडं सैल, कारण दिवसभर चालून पाऊल सुजतं. लहान फोड फोडू नका, नुसता झाका. मोठा आणि ठणकणारा असेल तर वाटेवरच्या वैद्यकीय मदत केंद्रात दाखवा. वरची कातडी ओढून काढणं हा प्रकार मात्र अजिबात नको. साखर असलेल्यांनी तर फोडाला स्वतः सुई लावूच नये. सहप्रवाशाने कितीही आग्रहाने सुई-दोरा पुढे केला तरी.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, छोटं ग्लासभर पाण्याचं. मोठ्या पाकिटातली चिमूट ग्लासात टाकून भागत नाही, आणि अख्खं पाकीट एका ग्लासात ओतणं तर अपायकारक. पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचा आणि तेवढंच घ्या.

फोनचं चार्जिंग गर्दीत भराभर उतरतं, कारण टॉवरवर ताण असतो आणि फोन सतत रेंज शोधत बसतो. चालताना तो एअरप्लेन मोडवर ठेवा, विसाव्याला उघडा. मग एक लहान पॉवर बँक भागते. रेंज नसली की यूपीआयही नाही, म्हणून दहा-वीसच्या नोटा हव्यात. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खिशात एक चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून द्या. घरचा नंबर, आपली दिंडी रथापुढची की रथामागची आणि कितवी, एवढं त्यावर पुरे. चुकलेल्या माणसाला दिंडीच्या नावापेक्षा हा क्रमांक लवकर पोहोचवतो.

इतकं करूनही पिशवी जड झालीच, तर पंढरपूरपर्यंत ओढत नेऊ नका. पालखीचा पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो, माउलींचा भवानी पेठेत, तुकोबारायांचा नाना पेठेत. पुण्यात भाऊ, मेहुणा किंवा भाचा नाही असा सोलापूरकर शोधून सापडायचा नाही. त्याला बोलावून घ्या आणि आळंदी ते पुणे ज्याला हातही लागला नाही ते सगळं त्याच्या गाडीत टाका. संकोच करू नका, माउलींबरोबर पुढे जाणाऱ्यांना लगेच सासवडचा तीस किलोमीटरच्या वरचा टप्पा आणि दिवे घाटाची चढण असते. पुणं हुकलं तर वेळापूरच्या आसपास रिंगण बघायला सोलापुराहून येणारं कुणी ना कुणी भेटतंच.

घरून निघण्याआधी मात्र एकदा भरलेली पिशवी घेऊन, तेच पायताण घालून हिप्परगा तलावापर्यंत जाऊन परत या. तिथे काय काढून ठेवायचं ते खांदाच सांगतो.

आळंदीला जाणं जमत नाही म्हणून गजानन महाराजांच्या पालखीत सोलापुरातून सामील होणारेही पुष्कळ आहेत. तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा असं पंढरपूर गाठायचं, मोजकेच मुक्काम. त्यांनी वरच्या यादीतलं निम्मंही घेऊ नये. अंगावरचा एक आणि पिशवीतला एक जोड पुरे.

कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. पंचेचाळीस किलोमीटर, बहुतेक जण एका रात्रीत उरकतात आणि तामलवाडीच्या पुढे पाय बोलायला लागतात. पाणी, पातळ शाल, औषधं आणि पैसे, बस्स. आश्विनात पहाटे गारवा सुटतो, तेवढ्यापुरती शाल. अनवाणी जाणाऱ्यांनी एक जोड हलक्या स्लिपर पिशवीत ठेवाव्यात. जाताना पायात घालायच्या नसल्या तरी दर्शन झाल्यावर सुजलेल्या तळव्यांनी एसटी स्टँडपर्यंत जायचं असतं.