लिव्हर-अॅक्शन रायफलवर पीप साइट बसवताना या चुका टाळा

लिव्हर-अॅक्शन म्हणजे खालचा लिव्हर फिरवून काडतूस भरायची रायफल. तिच्यासाठी पीप साइट, म्हणजे भोकातून बघून नेम धरायची मागची साइट, घेताना बहुतेकांचं सगळं लक्ष भोकाच्या मापावर असतं. पुढे छळते ती मात्र उंची.

नळीवरची मागची साइट काढून रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेच्या पेटीवर, पीप चढवली की नजरेची रेषा सहसा वर सरकते. मग पीप पार खाली नेली तरी गोळी वरच लागते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पुढची साइट कानशीने घासणं. त्याने गोळी आणखी वर जाते! पुढची साइट उंच हवी, आणि किती ते गणिताने काढा. दोन साइट्समधलं अंतर गुणिले गोळी जितकी वर लागली ते माप, भागिले निशाणापर्यंतचं अंतर, सगळं इंचांत. साइट्समध्ये 24 इंच, आणि 50 यार्डांवर म्हणजे 1800 इंचांवर गोळी 4 इंच वर लागत असेल, तर 0.053 इंच उंच साइट घ्या.

विकत घेण्याआधी रायफल रिकामं काडतूस कुठून फेकते ते बघा. जुनी विंचेस्टर 94 ते वरून फेकते, म्हणून तिला रिसीव्हरच्या कडेला बसणारी पीप लागते. मार्लिन 336 कडेने फेकते आणि तिचा रिसीव्हर वरून बंद असतो, त्यामुळे तिथे वर बसणारी पीप चालते. दस्त्याच्या मानेवरची टँग साइट नेमाला सुरेख, पण .45-70 सारख्या दणकट काडतुसाच्या धक्क्यात ती डोळ्याच्या फार जवळ येते. मी ती तिथे लावणार नाही.

स्क्रूची लांबी कुणी मोजत नाही. मीही मोजली नव्हती. पीप बसवली आणि लिव्हर जड चालू लागला. बोल्ट, म्हणजे आतला काडतूस ढकलणारा सरकता भाग, काढला तर त्यावर चकचकीत ताजा ओरखडा, स्क्रूचं टोक आत डोकावत होतं. तेव्हा रायफल रिकामी असल्याची खात्री करा, प्रत्येक स्क्रू घट्ट केल्यावर लिव्हर सावकाश पूर्ण फिरवून पाहा, आणि कुठे अडलं तर जोर लावू नका. सगळं जुळलं की स्क्रू उघडून भोकांतलं तेल पुसा आणि निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावून पुन्हा कसा.

राहिलं भोक. कागदी निशाणाला बारीक, शिकारीला मोठं. संध्याकाळच्या उजेडात बारीक भोकातून काही दिसत नाही. पुढची साइट मधोमध आणायची धडपड करू नका, ते डोळा आपोआप करतो. पीपची रिंग धूसर दिसू द्या, नजर पुढच्या साइटवर ठेवा.