नोकरी बदलताना घरची घडी कशी बसवायची

ऑफर लेटरवर सही करण्याआधी प्रवास करून बघा. घर कोथरूडला आणि ऑफिस हिंजवडीला असेल, तर सोमवारी सकाळी साडेआठला निघा आणि संध्याकाळी सहाला परत या. रविवारी बघितलेली वेळ उपयोगाची नाही. पावसाळ्यात त्यावर अर्धा तास वाढवून धरा आणि मगच पाळणाघराची वेळ ठरवा.

शक्यतो जूनच्या मध्यात रुजू होऊ नका. तेव्हाच शाळा सुरू होते, व्हॅनवाल्या काकांच्या वेळा बदलतात आणि मूलही नव्या वर्गात बावरलेलं असतं. नव्या वेळापत्रकाची रंगीत तालीम दोन आठवडे आधी सुरू करा: डबा तुम्ही न भरता बाबांनी किंवा आजीने भरायचा, घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवायची. दहा वर्षांच्या मुलाला बसथांबा, लॅच आणि तुमचा फोन नंबर पाठ हवा.

कागदपत्रांत हमखास चूक होते ती पीएफची. पैसे काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) ट्रान्सफर करा. सलग 5 वर्षं पूर्ण होण्याआधी काढल्यास सहसा कर लागतो. आधीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा. नाहीतर सवलती दोन्हीकडे धरल्या जातात आणि उरलेला कर शेवटी एकदम भरावा लागतो. कंपनीचा आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो, म्हणून मुलांसह कुटुंबाची वेगळी पॉलिसी त्याआधीच घ्या.