आधी कान बघ, मग फोटो काढ

लग्नात नवरदेवाच्या घोडीचे फोटो बरे आले होते. तेवढ्या भांडवलावर मी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलो. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा, मारवाडी, काठियावाडी, पंजाबी घोडे, नुसता धुरळा, आणि माझ्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची लेन्स (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ). दिवसभरात शेकड्यांनी फोटो काढले. संध्याकाळी एका घोडेवाल्या बाबांना ऐटीत दाखवले. चार-पाच बघून त्यांनी कॅमेरा परत दिला. "घोडाना कान दख, मंग फोटू काढ."

बाबांचं खरं होतं. मारवाडी घोड्याची शान त्याच्या आत वळलेल्या, टोकाला टोक भिडवणाऱ्या कानांत असते. माझ्या फोटोंत कान मागे पडलेले, म्हणजे जनावर चिडलेलं. त्यात जवळून, उभ्याने, १८ वर काढल्यामुळे डोकं घमेल्याएवढं आणि पाय बकरीचे. असा फोटो बघून गिऱ्हाईक येणार कसं?

उभा घोडा टिपायचा तर दहा-पंधरा पावलं मागे सरका, ७०-२०० मिमीची लेन्स असेल तर १०० च्या पुढे जा आणि गुडघा टेका. कॅमेरा घोड्याच्या पोटाच्या उंचीला आला पाहिजे. चारही पाय वेगवेगळे दिसू द्या. घोडा पंचकल्याण असेल, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, तर मालक फोटोत आधी तेच शोधतो. खाली पडलेल्या चाऱ्यात खूर बुडाले की फोटो वाया, म्हणून आधी चारा बाजूला करा. कानांसाठी जोडीदाराला समोर, जरा लांब उभं करून हरभऱ्याची पिशवी खुळखुळवायला सांगा. कान टवकारतात ते दोन सेकंद. तिसऱ्यांदा घोडा फसत नाही.

नुकरा, म्हणजे पांढरा घोडा, कॅमेरा करडा करून टाकतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, जरा वाढवा. काळ्याला उलट.

धावत्या घोड्याला १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर. पण बटण कधी दाबायचं? कॅलिफोर्नियात १८७८ साली मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून धावता घोडा टिपला, तेव्हा कळलं की चारही खूर हवेत असतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना; चित्रकार काढायचे तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे. शो जंपिंगमध्येही पुढचे गुडघे दुमडून घोडा अडथळ्यावर आला की दाबा.

रेवाल चालीला मात्र हे लागू नाही. त्यात घोडा उसळत नाही, स्वार खोगिरावर हलत नाही, आणि ऐट त्या न हलण्यातच आहे. १/१००० वर घोडा थिजलेला दिसतो. मी १/६० वर येतो आणि स्वाराच्या फेट्यावर नजर ठेवून कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवतो. पाय, धूळ, मागची माणसं पुसट. फेटा तेवढा स्पष्ट. वीसातला एक जमतो. जमला की स्वार मागेल ते देतो. (चहा तरी नक्की.)

घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण अगदी मागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही. तिथे उभे राहू नका. दुसऱ्या वर्षी माझा फ्लॅश चुकून उडाला, घोडा दोन पायांवर आणि मी लिदीत. मालकाने लगाम धरला नसता तर कॅमेरा गेला होता. तेव्हापासून फ्लॅश घरी. बाजारात लेन्सही बदलत नाही, धूळ थेट आत जाते.

पैशांचं म्हणाल तर भाव फोटो काढण्याआधी ठरवा आणि फोटो त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर पाठवा. सकाळी घोडा विकला गेला की जुन्या मालकाला फोटो नको असतो, आणि नव्याचा नंबर आपल्याकडे नसतो.