एनएमएमएस परीक्षेची तयारी करून घेताना या चुका टाळा

आठवीच्या वर्गात एनएमएमएसची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या गुणवंत मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेची, तयारी बऱ्याच ठिकाणी एकाच साच्यात होते. दिवाळीच्या सुटीपर्यंत प्रकरणे संपवायची आणि मग परीक्षेपर्यंत सराव प्रश्नपत्रिकांचा धडाका लावायचा. मूल पेपर सोडवते, शिक्षक उत्तरसूची लावतात, वरच्या कोपऱ्यात गुण पडतात आणि दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर समोर येतो. पेपरांची थप्पी वाढते, गुण मात्र जिथे होते तिथेच राहतात. चुका किती झाल्या हे सगळ्यांना माहीत असते. त्या का झाल्या हे कुणी पाहिलेले नसते. तयारीतली सगळ्यात महागडी चूक हीच.

आधी परीक्षेचा आराखडा थोडक्यात. दोन पेपर असतात. बौद्धिक क्षमता चाचणी: ९० प्रश्न, ९० गुण, ९० मिनिटे. शालेय क्षमता चाचणी: तीही ९० प्रश्नांची, ९० मिनिटांची. शालेय क्षमतेत सामान्य विज्ञानाला ३५, समाजशास्त्राला ३५ आणि गणिताला २० गुण आहेत. प्रश्न सातवी आणि आठवीच्या अभ्यासक्रमावरचे, प्रत्येकाला चार पर्याय. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत.

गुण मोजून पुढच्या पेपरकडे वळणे

पेपर तपासताना उत्तरसूची लगेच मुलाच्या हाती देऊ नका. चुकलेल्या प्रश्नांच्या क्रमांकांभोवती फक्त गोल करा आणि ते प्रश्न पुन्हा सोडवायला सांगा, यावेळी घड्याळाशिवाय. ही एकच कृती बरेच काही उघड करते. दुसऱ्या वेळी प्रश्न स्वतःहून सुटला, तर मुलाला तो विषय येतो. चूक वाचनात, घाईत किंवा आकडेमोडीत झाली होती. दुसऱ्यांदाही सुटला नाही, तर तिथे शिकवणेच बाकी आहे.

मग प्रत्येक चुकीला एक खूण द्या. ‘सं’ म्हणजे संकल्पनाच कळलेली नाही. ‘वा’ म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही. ‘आ’ म्हणजे आकडेमोड चुकली. ‘नों’ म्हणजे उत्तर बरोबर काढले पण उत्तरपत्रिकेत चुकीचे वर्तुळ रंगवले. ‘वे’ म्हणजे वेळेअभावी प्रश्नापर्यंत पोचताच आले नाही. चार-पाच पेपरांच्या खुणा एका पानावर मांडल्या की प्रत्येक मुलाचे दुखणे वेगळे दिसते. दोघांना ९० पैकी ५५ गुण असतील, पण एकाच्या पस्तीस चुकांपैकी पंचवीस ‘सं’ असतील आणि दुसरीच्या वीस ‘वा’ आणि ‘वे’. दोघांनाही आणखी दहा पेपर देणे म्हणजे दोघांचाही वेळ घालवणे. पहिल्याला काही दिवस पेपर थांबवून धड्याकडे परत न्यायला हवे. दुसरीला नवे काही शिकवायची गरज नाही. तिला रोज १५ प्रश्नांचा एक छोटा संच द्या, आणि उत्तर काढण्याआधी प्रश्नात नेमके काय विचारले आहे त्याखाली रेघ मारायला लावा.

‘आ’ची चूक पकडायची तर कच्चे काम दिसले पाहिजे. पुष्कळ मुले जिथे मोकळी जागा दिसेल तिथे आकडे लिहितात, आणि मग चूक कुठल्या पायरीला झाली ते त्यांनाही सापडत नाही. कच्च्या कामाशेजारी प्रश्नाचा क्रमांक लिहायची सवय पहिल्या सरावापासून लावा.

पेपर सोडवायला ९० मिनिटे लागली, तर त्याच्या चुका पाहायलाही जवळपास तेवढाच वेळ ठेवा. तो मिळत नसेल तर पेपर कमी करा. आठवड्याला दोन पेपर आणि दोन्हींची चिरफाड हे प्रमाण रोजच्या पेपरपेक्षा खूप चांगले.

‘एका प्रश्नाला एक मिनिट’ हा हिशेब

नव्वद मिनिटे, नव्वद प्रश्न. हिशेब सोपा वाटतो आणि तिथेच फसतो. वर्तुळ नीट भरायला प्रत्येकी सहा सेकंद धरले तरी नऊ मिनिटे त्यातच जातात. शेवटच्या तपासणीला पाच मिनिटे ठेवली, तर विचाराला उरतात ७६ मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे सुमारे ५० सेकंद. शिवाय प्रश्न सारख्या वजनाचे नसतात. विसंगत पद ओळखायला पंधरा सेकंद पुरतात; पाच जणांच्या बैठकव्यवस्थेचा प्रश्न दोन मिनिटे खातो. गुण मात्र दोघांनाही एकच.

म्हणून पेपर तीन फेऱ्यांत सोडवायला शिकवा. पहिल्या फेरीत एक ते नव्वद सगळे प्रश्न वाचायचे, जे लगेच सुटतात तेवढेच सोडवायचे आणि अडलेल्या प्रश्नाच्या क्रमांकाभोवती प्रश्नपत्रिकेत गोल करून पुढे जायचे. ही फेरी ५० ते ५५ मिनिटांत संपली पाहिजे. दुसऱ्या फेरीत गोल केलेले प्रश्न, सुमारे २५ मिनिटे. उरलेल्या वेळात रिकामी राहिलेली वर्तुळे आणि तपासणी. सुरुवातीला मुलांना प्रश्न सोडून पुढे जाणे जड जाते, हुशार मुलांना तर जास्तच. त्यासाठी मुद्दाम एक सराव घ्या: ३० प्रश्न, २० मिनिटे, आणि त्यात पेरलेले चार अतिशय किचकट प्रश्न. त्या चारांना पहिल्या फेरीत बाजूला ठेवणे हेच त्या दिवशीचे यश.

ओएमआर (वर्तुळे भरायची) उत्तरपत्रिका शेवटच्या आठवड्यावर सोडणे

हमखास होणारा घोळ असा: मूल ३७ वा प्रश्न सोडते आणि ३८ व्या प्रश्नाचे उत्तर ३७ च्या ओळीत भरते. मग पुढची सगळी उत्तरे एक ओळ वर सरकतात. हे ६० व्या प्रश्नाला लक्षात आले तरी उपयोग नसतो, कारण पेनाने भरलेले वर्तुळ बदलता येत नाही आणि एका प्रश्नाला दोन वर्तुळे भरली की उत्तर बाद होते.

यावर तीन साध्या सवयी आहेत. वर्तुळ भरताना मनात क्रमांक आणि पर्याय दोन्ही म्हणायचे: ‘अडतीस, तीन’. दर पाचव्या प्रश्नाला प्रश्नपत्रिकेतला आणि उत्तरपत्रिकेतला क्रमांक जुळवायचा. आणि उत्तर आधी प्रश्नपत्रिकेत पर्यायावर टिंब देऊन ठरवायचे, मगच वर्तुळाला पेन लावायचे. सगळी उत्तरे प्रश्नपत्रिकेत करून शेवटच्या दहा मिनिटांत वर्तुळे भरण्याची पद्धत काही जण शिकवतात, ती टाळा. वेळ संपत आल्यावर हात थरथरतो आणि ओळी हमखास चुकतात.

उत्तरपत्रिकेच्या नमुन्याच्या छायाप्रती काढून पहिल्या सरावापासून वापरा, आणि पेनानेच. पेन्सिलवर सराव झालेले मूल परीक्षेत खोडायला जाते आणि कागद खराब करते.

प्रश्न कोरा सोडणे

गुण वजा होत नसताना कोरी ओळ ठेवण्यात काहीच हशील नाही. वीस प्रश्न अजिबात येत नसतील आणि तरी भरले, तर चारात एक या हिशेबाने सरासरी पाच गुण पदरात पडतात. पण डोळे मिटून भरण्यापेक्षा पर्याय वगळायला शिकवा. एक पर्याय नक्की चूक आहे असे कळले की शक्यता तिनात एक होते, दोन वगळले की निम्मी. सरावात मुलांनी अंदाजाने दिलेल्या उत्तरापुढे फुली मारावी. ती बरोबर आली तरी तो विषय ‘येतो’ असे समजू नये, नाहीतर तुमचा चुकांचा तक्ता खोटे बोलू लागतो.

बौद्धिक क्षमतेत युक्त्या पाठ करून घेणे

आरशातील घड्याळाची युक्ती सगळ्यांना माहीत असते: ११:६० मधून दिलेली वेळ वजा करा. ३:२० ची प्रतिमा ८:४०. पण ती का चालते हे न कळलेले मूल पाण्यातील प्रतिबिंबाच्या प्रश्नालाही तीच लावते आणि फसते. आरशात डावे-उजवे बदलते, पाण्यात वर-खाली. इंग्रजी अक्षरांवर हे चटकन कळते. ए, एच, आय, एम, ओ, टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही मोठी अक्षरे आरशात तशीच दिसतात. पाण्यात तशीच राहणारी अक्षरे बी, सी, डी, ई, एच, आय, के, ओ आणि एक्स. दोन्ही याद्या पाठ करण्याऐवजी पातळ कागदावर आकृती काढून तो आडवा उलटा करून उजेडात धरायला सांगा. आठ-दहा आकृत्या अशा पाहिल्या की डोळा तयार होतो.

दिनदर्शिकेच्या प्रश्नांतही हेच. ‘साध्या वर्षाने एक वार पुढे, लीप वर्षाने दोन’ एवढे पाठ असते, पण मधे २९ फेब्रुवारी येते का हे कुणी पाहत नाही. १ जानेवारी २०२३ ला रविवार होता आणि १ जानेवारी २०२४ ला सोमवार, एकच वार पुढे. १५ ऑगस्ट २०२३ ला मंगळवार होता, तर १५ ऑगस्ट २०२४ ला गुरुवार, कारण मधे २९ फेब्रुवारी आली. २०२४ लीप वर्ष आहे एवढ्यावर दोन्हीकडे दोन वार मिळवणारे मूल पहिला प्रश्न चुकते.

संख्यामालिकेत मुले पहिला फरक काढतात आणि तो सारखा नसला की थांबतात. तपासणीचा क्रम ठरवून द्या: फरक, फरकांमधला फरक, गुणाकार, वर्ग किंवा घनाच्या आसपासची संख्या, शेवटी एकाआड एक अशा दोन मालिका. २, ६, १२, २०, ३० मध्ये फरक ४, ६, ८, १० आहेत, म्हणून पुढची संख्या ४२. सांकेतिक भाषेसाठी पेपर हाती येताच कच्च्या जागेत इंग्रजी अक्षरे आणि त्यांचे १ ते २६ क्रमांक लिहून ठेवले की नंतर बोटांवर मोजावे लागत नाही. दिशा आणि नातेसंबंध यांचे प्रश्न मनात सोडवू देऊ नका, आकृती काढलीच पाहिजे.

पर्याय कसे रचलेले असतात ते न सांगणे

बहुपर्यायी प्रश्नातले चुकीचे पर्याय उगाच दिलेले नसतात. १०,००० रुपये, द.सा.द.शे. १०, २ वर्षे, चक्रवाढ व्याज किती? पर्यायांत २,०००, २,१००, १२,००० आणि १२,१०० असे चारही आकडे असू शकतात. पहिला सरळव्याजाचा, तिसरा सरळव्याजाच्या राशीचा, चौथा चक्रवाढीच्या राशीचा. आपले उत्तर पर्यायांत सापडले म्हणजे ते बरोबर आहे, हा मुलांचा समज मोडायला हवा. वस्तूची किंमत २० टक्के वाढवून मग २० टक्के कमी केली तर ती मूळ किंमतीइतकी होत नाही, ४ टक्क्यांनी घटते. ‘बदल नाही’ हा पर्याय तिथे वाट पाहत असतो. मुलांनाच प्रश्न देऊन चुकीचे तीन पर्याय तयार करायला सांगा. हा तास फार उपयोगी ठरतो.

‘अयोग्य विधान ओळखा’, ‘गटात न बसणारे पद’, ‘यांपैकी कोणते नाही’ अशा प्रश्नांत नकाराच्या शब्दाला चौकट करायची सक्ती करा. येणारे उत्तर इथेच सर्वांत जास्त जाते.

गणितावर सगळा जोर, समाजशास्त्र वाऱ्यावर

गणित २० गुणांचे, समाजशास्त्र ३५ चे: इतिहास १५, भूगोल १५, नागरिकशास्त्र ५. विज्ञानाचे ३५ वेगळे. तरीही जादा तासांचे वेळापत्रक पाहिले तर गणित आणि बुद्धिमत्ता यांनीच ते भरलेले असते. गणित कमी करायचे नाही, पण आठवड्यातले किमान दोन तास इतिहास-भूगोलाला हवेतच. आणि तेही पाठ्यपुस्तकातून. नकाशे, तक्ते, आकृत्यांखालच्या ओळी आणि चौकटीतला मजकूर मुले ओलांडून जातात, प्रश्न मात्र तिथून सहज निघतात. बाजारातल्या मार्गदर्शकाचे छपाईचे वर्ष पाहून घ्या. सातवीची पुस्तके २०१७ ला आणि आठवीची २०१८ ला बदलली. त्याआधीच्या मार्गदर्शकातला सराव आता नसलेल्या धड्यांवरचा आहे.

पात्रतेचे गुण म्हणजे निवड असे समजणे

पात्रतेसाठी दोन्ही पेपर मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ३२ टक्के. निवड मात्र जिल्ह्याच्या आणि प्रवर्गाच्या ठरलेल्या कोट्यात गुणवत्तेनुसार होते. ७२ चे लक्ष्य दिलेले मूल पात्र ठरूनही शिष्यवृत्तीबाहेर राहते. लक्ष्य आकड्यात न देता तक्त्यातून द्या: या पंधरवड्यात ‘वा’च्या चुका दहावरून चारवर आणायच्या.

कागदपत्रांतल्या आणि निकालानंतरच्या चुका

पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, तो वेळेत काढून ठेवा. अर्जातले नाव, जन्मतारीख आणि प्रवर्ग आधार कार्डाशी आणि शाळेच्या नोंदीशी अक्षरशः जुळवून पाहा. निवड झालेल्या मुलांनी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर वेगळा अर्ज भरायचा असतो आणि शाळेने तो पडताळायचा असतो. गुणवत्ता यादीत नाव आले म्हणजे पैसे आपोआप येतील असे समजून पुष्कळ घरे थांबून राहतात. विद्यार्थ्याच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते त्याआधीच सुरू हवे. वर्षाला १२,००० रुपये बारावीपर्यंत मिळतात, पण दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जावे लागते आणि अकरावीपासून पुढे शिष्यवृत्ती चालू राहायला दहावीत ६० टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५. नूतनीकरणाची मुदत शाळेच्या फलकावर लावा आणि मागच्या वर्षी निवडलेल्या प्रत्येक मुलाचा अर्ज गेला का ते मुदतीच्या आठवडाभर आधी नाव वाचून तपासा.