पळायला लागल्यापासून भूक आवरत नाही, आणि वजन पण कमी करायचंय? मग हे करून बघा

सोलापूरच्या पार्क स्टेडियमवर सकाळी पळायला येणाऱ्या आम्हा बायकांमध्ये दर आठवड्याला कोण ना कोण हे विचारतंच, की ताई मी पळायला लागले आणि भूक एवढी वाढलीय की वजनकाटा उलटाच फिरायला लागलाय, पळणं बंद करू का. बंद करू नका. मी स्वतः यातनं गेलेय, पहिल्या सात आठवड्यांत माझं वजन सव्वा किलोनं वाढलं होतं आणि काट्यावरनं उतरताना अक्षरशः रडू यायचं, म्हणून ज्या ज्या गोष्टींनी फरक पडला त्या सगळ्या सविस्तर लिहितेय. तेव्हा वजन ७४, वय ३९, दिवसभर खुर्चीवरचं काम, घरी सासूबाई, नवरा आणि दोन पोरं, म्हणजे स्वयंपाक सगळ्यांचा एकच. त्यामुळे वेगळं महागडं काही सांगणार नाहीये, आपल्या भाकरी-कालवणातच बसवायचंय.

आधी हिशोब समजून घ्या. पळताना अंगाच्या दर किलोमागे एका किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे ७४ किलोची बाई ६ किमी पळली की ४४० च्या आसपास. हातातलं घड्याळ बऱ्याचदा यापेक्षा जास्त दाखवतं, आणि यातल्या थोड्या कॅलरी आपण घरी नुसतं बसून असतो तरी गेल्याच असत्या, म्हणून मी ३५० च धरून चालते. घड्याळात ६०० दिसले म्हणून ६०० खायची मुभा मिळाली असं धरू नका, माझी पहिली चूक तीच होती.

आता ३५०-४४० म्हणजे ताटात किती ते सांगते. एका सकाळी पाव किलो शेंगा चटणी आणली होती, आपली ती उखळात कुटलेली, तेल सुटलेली लालभडक. संध्याकाळी साडेसहाला कामावरनं आले, चप्पल काढली आणि तशीच ओट्याजवळ गेले, पिशवीतनं कडक भाकरी काढली, मोडली, चटणी लावली, खाल्ली, परत मोडली. स्वयंपाक होईपर्यंत हे चालूच. रात्री बरणी हातात घेतली तर हलकी लागली म्हणून काट्यावर ठेवली, १७० ग्रॅम उरली होती. ८० ग्रॅम चटणी मी एकटीनं उभ्या उभ्या संपवली होती. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण ५६७ कॅलरी असतात, म्हणजे चटणीच ४४० ची झाली, भाकरी वेगळीच. पहाटे साडेपाचला उठून ६ किमी पळलेलं सगळं त्या पंधरा मिनिटांत भरून आलं, आणि एवढं करून जेवायला परत ताटावर बसलेच.

पण यात दोष चटणीचा नव्हता हे मला नंतर कळलं. त्या दिवशी सकाळपासून काय खाल्लं होतं ते लिहून काढलं. पळून आल्यावर एक चहा, दोन बिस्किटं. दीडला डब्यातल्या दीड पोळ्या आणि फ्लॉवरची भाजी. बास. सकाळी भूकच नव्हती म्हणून मला वाटायचं चला बरंय, जमतंय की डाएट. जोरात पळलं की घ्रेलिन म्हणून जे भुकेचं हार्मोन आहे ते तेवढ्यापुरतं खाली जातं, तास-दोन तास खावंसंच वाटत नाही, आणि आपण समजतो भूक कमी झाली. ती गेलेली नसते, संध्याकाळी व्याजासकट वसूल करते. तुमचंही संध्याकाळी पाच ते आठ याच वेळेत सगळं बिघडत असेल, तर उपाय सकाळी करायचा, रात्री मन मारून काही होत नाही.

तर सकाळचं. पळून आल्यावर तासाभरात नीट खायचं, भूक असो नसो. मी काय खाते सांगते, एक मध्यम भाकरी किंवा दोन छोटी धपाटी, वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ नाहीतर दोन उकडलेली अंडी, आणि वाटीभर दही. भाकरी साधारण २०० कॅलरी, दोन अंडी दीडशे, दही ऐंशी-नव्वद, म्हणजे साडेचारशेच्या आत पोट टम्म. दोन अंड्यात १२ ग्रॅम प्रोटीन मिळतं, आणि भुकेवर सगळ्यात जास्त काम प्रोटीनच करतं. वजन कमी करताना अंगाच्या किलोला १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन बरं पडतं, माझ्या हिशोबानं ते ९० ग्रॅमच्या घरात जातं, रोज जमत नाही, ७५-८० झालं तरी संध्याकाळचा फरक लगेच कळतो. (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मनानं वाढवू नका.) शाकाहारी असाल तर मटकी, मूग, हुलगे, पनीर, आणि सोयाबीनच्या वड्या, ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम प्रोटीन असतं. शेंगदाण्यात प्रोटीन आहेच पण तेल त्याच्या दुप्पट आहे, म्हणून शेंगा प्रोटीनसाठी म्हणून मुठी भरून खाऊ नका, चवीसाठी खा.

ज्वारीची भाकरी सोडू नका हे मी हात जोडून सांगते. इथे कितीतरी जणी वजन कमी करायचं म्हटलं की पहिली भाकरी बंद करतात, आणि मग पळायला पायात ताकद राहत नाही आणि दुपारपासून गोड खावंसं वाटायला लागतं. पळताना स्नायूंतली साठवलेली साखर वापरली जाते, ती भरून निघेपर्यंत शरीर मागतच राहतं, त्याला भाकरी दिली तर ठीक, नाहीतर ते बालुशाही मागतं. मंगळवेढ्याची ज्वारी आपल्या दारात मिळतेय आणि आपण कशाला दुसरीकडं बघायचं. फक्त ताजी मऊ भाकरी खा. कडक भाकरीत पाणीच नसतं, कुरकुरीत असते, चार कधी संपल्या कळत नाही आणि पोटाला भरल्यासारखंही वाटत नाही. कडक भाकरी खायचीच असेल तर आमटीत नाहीतर दह्यात कुस्करून खा. आणि चटणीवर कच्चं तेल घ्यायची आपली सवय आहे ना, एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, त्याऐवजी दही घ्या, चव तितकीच छान लागते. मी आता चटणी बरणीतनं थेट खातच नाही, चहाचे दोन चमचे वाटीत काढते, बरणी वरच्या फळीवर.

दुसरी महत्त्वाची वेळ म्हणजे पाचची. घरी पोचायच्या आधी खायचं, पोचल्यावर नाही. माझ्या पर्समध्ये एक छोटी डबी असते, त्यात मूठभर फुटाणे, सोबत एक पेरू नाहीतर काकडी, आणि कामावर फ्रीज आहे म्हणून ताकाची बाटली. दीडशे-दोनशे कॅलरीत होतं सगळं, आणि मग साडेसहाला ओट्याजवळ गेलं तरी माणसासारखं वागता येतं. थंडीत मी घरी आल्यावर हुलग्याचं माडगं करते, तिखटमिठाचं, दोन मोठे चमचे हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून, लसूण-जिऱ्याची अगदी थोड्या तेलाची फोडणी देऊन उकळायचं, मोठा वाडगा भरून होतं आणि गरम गरम पिताना जेवायची घाई आपोआप जाते. गूळ घातलेलं माडगं चवीला भारी असतं, पण ते लाँग रनच्या दिवशी.

पळण्याच्या वेगाचं पण बघा. मी आधी रोज जीव खाऊन पळायचे, रोज दम लागलाच पाहिजे असं वाटायचं. आता आठवड्यातले तीन दिवस शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच वेगानं पळते, एकच दिवस जोरात. हळू पळताना शरीर चरबी जास्त आणि साठवलेली साखर कमी वापरतं, आणि माझा अनुभव असा की अशा दिवशी ती राक्षसी भूक येत नाही. नवीन असाल तर अंतर पण एकदम वाढवू नका, ह्या आठवड्यात १५ किमी झालं तर पुढच्या आठवड्यात १६-१७, बास. एकदम दुप्पट केलं की भूक पण दुप्पट होते आणि गुडघे पण बोलायला लागतात.

रविवारचा प्रश्न वेगळा. आमचा ग्रुप विजापूर रोडनं संभाजी तलावाकडं जातो, तासावर पळणं होतं, आणि नंतर सगळ्यांना इडलीची आठवण येते. जा की, मी पण जाते, सोलापुरात राहून पूर्व भागातली गरमागरम इडली खायची नाही म्हणजे काय. इडली वाफवलेली असते, तीन-चार खा, सांबार भरपूर घ्या, वडा सगळ्यांत मिळून एक मागवा. तासाच्या वर पळायचं असेल तर निघायच्या आधी एक केळं किंवा तीन-चार खजूर खाऊनच निघा, उपाशीपोटी लांब पळालात तर इडलीच्या ताटावर बसल्यावर हात थांबत नाही. आणि रविवारी कॅलरीची तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाणं, धरूच नका, त्या दिवशी पोटभर खा. माझी खरी भूक सोमवारी येते, पळणं नसतानाच, पूर्वी मी सोमवारी आज पळाले नाही म्हणून कमी खायचे आणि मंगळवारी सगळं बिघडायचं. आता सोमवारी पण नाश्ता रविवारसारखाच ठेवते.

उन्हाळ्याचं बोलायलाच पाहिजे, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो, पहाटे पाचला निघालं तरी अंगातनं घामाच्या धारा. पळण्याआधी आणि नंतर वजन करून बघा, अर्धा किलो कमी दिसेल, ते पाणी आहे, चरबी नाही, ते परत प्यायचंच आहे. आल्या आल्या दोन ग्लास पाणी किंवा मीठ घातलेलं पातळ ताक, मग पंधरा मिनिटं थांबून खायला बसा. उन्हाळ्यात दिवसभर भूक मेलेली असते आणि रात्री नऊला गच्चीवर बसलं की आइस्क्रीम, आंबा, कुरडया सगळं सुरू होतं, म्हणून तेव्हा तर सकाळचं खाणं अजिबात चुकवू नका.

उपवास. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, एकादशी आपल्या घराघरात, आणि श्रावणात सोमवार. त्या दिवशी मी पळत नाही, सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चालून येते. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्च, प्रोटीन नावालाच, वर शेंगदाण्याचा कूट आणि तूप, त्यामुळे खिचडी खाऊन दोन तासांत परत भूक. भगर, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, फळं असं घेतलं की दिवस शांतपणे जातो. शेंगा पोळीचं पण सांगते, संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत घरात पोळ्यांचा डबा भरलेला असतो, मी बंदी घालून बघितली, मग एका रात्रीत तीन खाल्ल्या. आता पळून आल्यावर नाश्त्यालाच एक पोळी, कपभर दूध आणि सोबत एक अंडं, बसून, तूप लावून. दिवसभर परत डब्याकडं जावंसं वाटत नाही.

झोप कमी झाली की भूक वाढते, हे अगदी खरं आहे. पावणेपाचला उठायचं असेल तर रात्री दहाला मोबाईल बाजूला. बारा वाजता झोपून पाचला पळायला येण्यापेक्षा त्या दिवशी झोपा, संध्याकाळी अर्धा तास चाला. पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक वाढणं नैसर्गिक आहे, पाणी धरल्यामुळं काटा पण एक-दीड किलो वर जाऊ शकतो, त्या आठवड्यातलं वजन मी वहीत लिहिते पण त्यावरनं जेवण कमी करत नाही.

घाई करू नका गं. रोज ३०० कॅलरीची तूट धरली तर आठवड्याला पाव किलोच्या आसपास उतरतं, त्यात भूक सांभाळता येते. ७००-८०० ची तूट आणि वर पळणं हे पंधरा दिवस चालतं, पुढं नाही. चक्कर येतेय, रात्री भुकेनं जाग येतेय, केस गळतायत, पाळी पुढं गेली किंवा बंदच झाली, सारखं काहीतरी दुखावतंय, असं होत असेल तर तुम्ही कमी खाताय, लगेच खाणं वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा. डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी पळायला येऊच नका, डॉक्टरांना विचारून, खिशात साखर किंवा गूळ ठेवून या.

उद्यापासून सुरुवात करायची असेल तर सगळं एकदम करू नका. आज रात्री मटकी भिजत घाला, परवा मोड येतील तोवर सकाळी अंडी नाहीतर पनीर चालेल, आणि फुटाण्याची डबी आत्ताच भरून पर्समध्ये टाका. दोन आठवडे फक्त सकाळचा नाश्ता आणि पाचची डबी एवढंच सांभाळा, रात्रीच्या जेवणात काहीच बदलू नका, आणि रोज संध्याकाळी सात वाजता भूक दहापैकी किती आहे ते कॅलेंडरवर लिहा. माझी नऊवरनं पाचवर यायला अकरा दिवस लागले होते.