निसर्गाच्या सान्निध्यात प्रभूची शांती कशी अनुभवावी

मोकळ्या आकाशाखाली थोडा वेळ घालवला की मन हलके होते, हा अनुभव बहुतेकांना येतो. परंतु घराचा उंबरठा ओलांडताच ती शांतता विरून जाते, हेही तितक्याच जणांना ठाऊक आहे. प्रभू येशूने शिष्यांना जी शांती दिली ती जग देते तशी नव्हे, असे त्यानेच सांगितले आहे (योहान १४:२७). झाडे किंवा डोंगर ती शांती देऊ शकत नाहीत. मात्र ती देणाऱ्याकडे मन वळवण्याचे काम ते उत्तम करतात, आणि हे वळणे घडावे यासाठी निसर्गातील वेळ थोडा विचारपूर्वक घालवावा लागतो.

त्यासाठी बायबलमधील स्तोत्रसंहिता या गीतसंग्रहातील १९ वे स्तोत्र मला सर्वांत विश्वासू वाटाड्या वाटते. त्यात अवघी १४ वचने आहेत. पहिली ६ आकाश आणि सूर्य यांच्याविषयी आहेत, ७ ते ११ परमेश्वराच्या नियमशास्त्राविषयी, आणि शेवटच्या ३ वचनांत स्तोत्रकर्ता स्वतःच्या गुप्त दोषांकडे वळून प्रार्थना करतो. आधी पाहणे, मग वचन ऐकणे, मग बोलणे, असा हा क्रम आहे. आपण पुष्कळदा बाहेर जाऊन बसताक्षणी मागण्यांची यादी सुरू करतो. तो क्रम बदलला तरी पुष्कळ फरक पडतो.

जागेचा फार विचार करू नये. अरण्य किंवा समुद्रकिनारा असलाच पाहिजे असे नाही. एखादे जुने झाड, नदीचा काठ किंवा गच्चीवरून दिसणारे आकाश पुरेसे आहे. नवनव्या जागा शोधण्यापेक्षा एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणे अधिक फलदायी ठरते, कारण परिचय झाल्यावरच बदल दिसू लागतात. वेळेबाबत प्रभूचे उदाहरण समोर आहे: कफर्णहूम या गावात संध्याकाळभर रोगी व पीडित यांच्या गर्दीत राहिल्यावर तो दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, एकांत स्थळी जाऊन प्रार्थना करत होता (मार्क १:३५). ज्यांना पहाट जमत नाही त्यांनी आपल्या दिवसातील वेळ निवडावी. निर्जन ठिकाणी जाताना घरी सांगून जावे. मोबाइल शक्यतो बंद ठेवावा आणि शास्त्रभाग कागदावर लिहून न्यावा.

आता पाहण्याविषयी. डोंगरावरील प्रवचनात चिंता करू नका असे सांगताना प्रभू आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे लक्ष वेधतो (मत्तय ६:२५–३४). फुलांविषयी बोलताना मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आले आहे, त्याचा अर्थ नीट अभ्यास करून शिकणे असा आहे. म्हणजे हे ओझरते पाहणे नव्हे. म्हणून एकच वस्तू निवडावी, उदाहरणार्थ एक पान, मुंग्यांची एक रांग किंवा घरटे बांधणारा एखादा पक्षी, आणि किमान दहा मिनिटे तिच्याकडेच पाहावे. पहिली दोन-तीन मिनिटे मन कंटाळून इकडेतिकडे धावेल. त्याला न रागावता परत आणावे. हळूहळू पानाच्या शिरा, त्याच्या कडेचा वेगळा रंग, खालच्या बाजूला चिकटलेली अंडी असे काहीतरी दिसू लागते, जे आपण पाहिले नसते तरी तिथे असतेच. या पाहण्यातून लगेच बोधपर धडा काढण्याची घाई करू नये.

त्यानंतर जे दिसले ते नाव घेऊन देवाला सांगावे. १०४ व्या स्तोत्राचे सामर्थ्य याच नेमकेपणात आहे. तेथे ‘सृष्टी सुंदर आहे’ एवढ्यावर कवी थांबत नाही. खोऱ्यांतील झरे, तहान भागवणारी रानगाढवे, करकोच्याचे घर, रात्री भक्ष्य मागणारे तरुण सिंह असे एकेक नाव तो घेतो. त्याच स्तोत्राच्या ३१ व्या वचनात परमेश्वराला आपल्या कृतींपासून आनंद होवो अशी प्रार्थना आहे. या वचनाने माझी समजूतच बदलली. पाखराकडे पाहून होणारा आनंद आपण निर्माण करत नाही; देवाला आपल्या सृष्टीविषयी जो आनंद आहे त्यात आपल्याला वाटा मिळतो. आपल्या काळजीवाचूनही जग सांभाळले जात आहे, हे डोळ्यांनी पाहण्यात मोठा विसावा आहे.

मग वचन वाचावे, थोडेच पण दोनदा, शक्य तर मोठ्याने. आणि मग आपले ओझे मोकळेपणाने सांगावे. फिलिप्पैकरांस पत्रात प्रेषित पौल आभारप्रदर्शनासह मागण्या कळवण्यास सांगतो आणि देवाची शांती अंतःकरणे राखील असे अभिवचन पुढे ठेवतो (४:६–७). आधी केलेल्या पाहण्याने आभारासाठी शब्द मिळालेले असतात.

काही दिवस मात्र काहीच जाणवत नाही. दुःखाच्या काळात मी कित्येक सकाळी एका झाडाखाली नुसता बसून परतलो आहे. अशा वेळी एलीया आठवावा. खचून झुडपाखाली मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवाने आधी झोप आणि भाकर दिली. मंद वाणी पुढे होरेब डोंगरावर आली (१ राजे १९). सृष्टीही कण्हत आहे, असे पौल लिहितो (रोम ८:२२), म्हणून वाळलेल्या फांदीसमोर रडण्यात अविश्वास नाही. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर पाळकांशी आणि डॉक्टरांशी बोलावे.

हा एकांत मंडळीच्या उपासनेची जागा घेऊ शकत नाही. निसर्ग निर्माणकर्त्याची थोरवी सांगतो, परंतु वधस्तंभाविषयी आणि पुनरुत्थानाविषयी आपल्याला सुवार्तेतूनच कळते. म्हणून रविवारी सहविश्वासणाऱ्यांना भेटल्यावर त्या आठवड्यात काय पाहिले ते सांगावे, आणि पुढच्या वेळी एखाद्या मुलाला सोबत न्यावे. मुले पानामागची अंडी मोठ्यांच्या आधी शोधतात.